मंडळीत असणं म्हणजे काय? लेकीच्या दृढीकरणावरून पडलेला प्रश्न

शेवगावची_वहिनी

सलाम सगळ्यांना.

लेक यंदा दहावीत आहे आणि तिचं दृढीकरण (कन्फर्मेशन, म्हणजे बाप्तिस्म्याची वचनं स्वतः देण्याचा विधी) करायचं आहे. कुठे करायचं यावर घरात एकमत होत नाहीये, म्हणून हा धागा.

आमचं मूळ घर शेवगाव तालुक्यातलं. आजेसासऱ्यांपासून सगळे तिथल्या मंडळीचे, म्हणजे तिथल्या चर्चच्या सभासदांतले. चर्च दगडी, वर पत्रा, बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या. आमची नावं अजून तिथल्याच वहीत आहेत आणि वर्गणी दरवर्षी न चुकता जाते. राहतो मात्र पिंपरीला. इथे ज्या चर्चमध्ये जातो तिथे उपासना इंग्रजीत, गायन सुरेख, संदेश उत्तम, आणि शेवटचा आशीर्वाद झाला की बघता बघता पार्किंग रिकामं. आम्हाला नावानं हाक मारणारं तिथे कोणी नाही. दोष कुणालाच देत नाही, शहरात सगळ्यांचीच धावपळ.

सासूबाई म्हणतात, गावी करा, आजोबांच्या चर्चमध्ये. ह्यांचं म्हणणं, पोरीला गावात ओळखतं कोण, पुण्यातच उरकू. आणि लेक परवा म्हणाली, "मी वचन देणार ते देवाला ना? मग बाकीची माणसं तिथे कशाला लागतात?"

या प्रश्नाचं उत्तर तिला नीट मिळायला हवं असं मला मनापासून वाटतं. गाव की शहर हा प्रश्न त्यानंतरचा. तुमच्या मते मंडळीत असणं म्हणजे काय? घरी शास्त्र (बायबल) वाचून, प्रार्थना करून, चांगलं वागून भागतं का? कॅथलिक, प्रोटेस्टंट, बिगरख्रिस्ती, सगळ्यांनी लिहा.

---

भाकरवाडी

गावी करा वहिनी. आणि तारीख आधी कळवा, जेवायला आम्ही अर्धा धागा घेऊन येतो.

---

संडेस्कूलच्या_बाई

वहिनी, मुलीचा प्रश्न फार मोलाचा आहे. दृढीकरणाच्या वर्गाला येणारी बहुतेक मुलं दहा आज्ञा आणि विश्वासाचा अंगीकार पाठ करतात, पांढरा ड्रेस शिवतात आणि मोकळी होतात. तुमची विचार करते आहे.

मी वर्गात हे असं समजावते. बाळाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा बोलले आईबाप. आता तीच वचनं मुलगी स्वतःच्या तोंडानं देणार, बिशपसाहेब डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणार आणि मग ती प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला बसणार. पण बाप्तिस्म्याच्या वेळी आणखी एक गोष्ट होते, तिकडे कुणाचं लक्ष नसतं. पाळकसाहेब जमलेल्या लोकांनाही विचारतात, या लेकराला विश्वासात वाढवायला तुम्ही मदत कराल का? आणि सगळे म्हणतात, हो, करू. म्हणजे तिथे बसलेली माणसं केवळ बघायला आलेली नसतात, त्यांनीही शब्द दिलेला असतो.

तेव्हा तिला सांगा, वचन देवालाच. पण ते पाळताना पाय घसरला तर हात कोण देणार, त्या माणसांनी तिथे हजर असलं पाहिजे.

---

बावखल_वसई

जय ख्रिस्त. आमच्याकडे, म्हणजे कॅथलिकांत, क्रम थोडा वेगळा. पहिलं कम्युनियन (प्रभुभोजन) लहानपणीच होतं, दृढीकरण नंतर. पण वहिनींच्या मूळ प्रश्नावर लिहितो.

मी कुपारी, वसईतल्या मराठी कॅथलिक समाजातला. वसईत धर्मग्राम (पॅरिश, एका चर्चचा परिसर) म्हणजे काय ते बघायचं असेल तर कुणाच्या मयताला या. चर्चची घंटा विशिष्ट पद्धतीनं वाजली की शेतात असलेला माणूसही थबकतो आणि विचारतो, कोण गेलं? तासाभरात घरापुढे बाकडी आलेली असतात. चहाचं पातेलं शेजारणीच्या चुलीवर चढतं, कारण मयताच्या घरात चूल पेटत नाही. लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या रोझरी धरतात. पुढे कितीतरी संध्याकाळी आळीतली माणसं त्या घरी प्रार्थनेला जातात आणि महिन्यानं स्मरणाची मिस्सा होते. घरच्यांना एकटं बसून रडायला वेळच मिळू देत नाहीत. माझे वडील गेले तेव्हा जो माणूस त्यांच्याशी बांधावरून भांडलेला, तो सगळ्यात आधी आला आणि शेवटपर्यंत खांदा सोडला नाही.

दुसरं, संत विन्सेंट द पॉल संस्थेचं काम. प्रत्येक पॅरिशमध्ये चार-पाच साधी माणसं असतात, रिटायर्ड शिक्षक, बसकंडक्टर. ती गरजू घरी जातात. औषधं, वह्या-पुस्तकं, कधी नुसतं बोलणं. कुणाच्या घरी गेलो हे बाहेर बोलायचं नाही हा त्यांचा नियम. मी वर्षानुवर्षं शेजारी राहून मला माहीत नव्हतं की आमच्या समोरचे काका हे करतात.

आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं नाव घेतल्याशिवाय वसईकराची पोस्ट पुरी होत नाही. 'सुवार्ता' मासिक त्यांनी सगळ्या धर्मांच्या लेखकांना उघडं केलं. वसईतली हिरवी शेती आणि पाणी वाचवायला हरित वसई चळवळ उभी राहिली तेव्हा झगा घालून रस्त्यावर उतरले. तेव्हा काही लोक म्हणायचे, फादरनं मिस्सा सांगावी, टँकरचं आणि बिल्डरचं फादरला काय पडलंय? त्यांच्या लेखी विहिरीचं पाणी आणि वेदी एकाच श्रद्धेचा भाग होते. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि २०२४ मध्ये गेले. तुमच्या लेकीला त्यांचं लिखाण वाचायला द्या.

---

एकटा_जीव

सगळं वाचलं. छान आहे. पण दुसरी बाजू कुणीतरी लिहायला हवी.

मी चर्चला जाणं सोडून बराच काळ झाला. विश्वास सोडलेला नाही. रोज सकाळी शास्त्र वाचतो, जमेल तसं देतो, खोटं बोलत नाही.

आमच्या मंडळीत (गाव सांगत नाही) पास्टोरेट कमिटीच्या (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) निवडणुकीवरून दोन गट पडले. मग ट्रस्टचा वाद, मग कोर्ट, मग चर्चला कुलूप. कुलूप निघालं ते दोन वेळा ठरवून, सकाळी आठला एक गट, दहाला दुसरा. दोघांचा पाळक वेगळा, दानपेटी वेगळी. माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा पहिल्या गटाला वाटलं हे दुसऱ्यांतले, दुसऱ्याला वाटलं हे पहिल्यांतले. कोणीही आलं नाही. रात्री-अपरात्री त्यांना दवाखान्यात न्यायला धावला तो शेजारचा गॅरेजवाला चाचा. येशूनं सांगितलेला चांगल्या शेजाऱ्याचा दाखला आम्ही लहानपणापासून पाठ केला होता, पण तो जगला एक मुसलमान माणूस.

त्यामुळे मंडळीत असणं वगैरे ऐकलं की मला विचारावंसं वाटतं, कुठल्या गटाच्या?

---

भाकरवाडी

दादा, वाचून फार वाईट वाटलं. वडिलांना शांती लाभो. चाचांना आमचा सलाम सांगा.

---

संडेस्कूलच्या_बाई

@एकटा_जीव, तुमच्या लिहिण्यातलं एक अक्षरही खोडावंसं वाटत नाही. आपल्या कितीतरी मंडळ्यांत जमिनीचे आणि ट्रस्टचे खटले चालू आहेत आणि वकिलाच्या फीपायी दानाचा पैसा जातो आहे. प्रेषित पौलानं करिंथ इथल्या मंडळीला पत्रात हेच खडसावलं होतं, की भाऊ भावाविरुद्ध फिर्यादीला जातो, त्यापेक्षा अन्याय सोसलेला काय वाईट. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो, वेदीपाशी दान घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जा, समेट कर. हे वचन ज्या रविवारी वाचतात त्या रविवारी निम्म्या लोकांना उठून बाहेर जावं लागेल, आणि जायलाच हवं.

पण एक विचारते. गॅरेजवाले चाचा तुमच्याकडे आले ते एकटे राहून चांगले झाले होते म्हणून, की त्यांनाही कुठल्या जमातीनं, कुठल्या मोहल्ल्यानं हे शिकवलं होतं?

---

एकटा_जीव

बाई, प्रश्न बरोबर आहे. उत्तर लगेच देत नाही.

---

नगरी_नातू

आमच्या नगर जिल्ह्याबद्दल थोडं, कारण वहिनींचं शेवगावही त्याच इतिहासातलं.

अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आलं आणि १८३१ मध्ये नगरला. मिशनचं 'ज्ञानोदय' नियतकालिक १८४२ पासून निघतं. मिशनरी मिस फरारच्या नगरच्या शाळेत सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. पण खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्या मुख्यतः महार आणि मांग वस्त्यांत. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, मग शतकाच्या शेवटचे दोन दुष्काळ, त्यात खूप माणसं मिशनच्या आश्रयाला आली. त्यावरून आम्हाला आजही ऐकावं लागतं, तुम्ही भाकरीसाठी बाटलात.

माझ्या आजीला कुणीतरी असं तोंडावर म्हटलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "भाकर देणारा देव मिळाला, त्याला धरून राहिलो. न देणाऱ्याला किती पिढ्या धरायचं?" मला यापेक्षा चांगलं उत्तर कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही.

वहिनी, गावच्या कापणीच्या सणाला लेकीला एकदा घेऊन जा. पुण्या-मुंबईत हल्ली साखरेचे पुडे आणि बिस्किटं आणतात, पण खेड्यात अजून खरी कापणी येते. वेदीपुढे बाजरीची कणसं, ज्वारीची पायली, भोपळे, वांग्यांची पाटी, हरभऱ्याचे डहाळे. पाय बांधलेला गावरान कोंबडा, तो नेमका लांबलचक प्रार्थनेत आरवतो आणि पोरं तोंड दाबून हसतात. उपासना झाली की लिलाव. एक म्हातारी पदरात गुंडाळून चार अंडी आणते, तिची ऐपत तेवढीच. बोली सुरू होते. गावातला मास्तर चढवतो, मुंबईहून आलेला नोकरदार त्याच्यावर चढवतो, अंड्यांना कोंबडीपेक्षा जास्त भाव येतो. घेणारा पैसे भरतो आणि अंडी परत टेबलावर ठेवतो, पुन्हा लिलाव करा म्हणून. म्हातारी पुढच्या बाकावर बसून हे बघत असते. त्या दिवशी मंडळीत सगळ्यात मोठं दान तिचं असतं आणि ते सगळ्यांना ठाऊक असतं. विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट मला संदेशातून कळली नाही, या लिलावातून कळली.

---

कागदपत्रं

नातूसाहेब, लिहिलंत ते मनाला भिडलं. पण जातीचा विषय काढलात तर पुरता काढू.

आपण चर्चमध्ये म्हणतो, ख्रिस्तात सगळे एक. मग लग्नाच्या वेळी बायोडेटात "मूळचे कोण" हे दबक्या आवाजात का विचारतात? काही ठिकाणी पूर्वी प्रभुभोजनाचा पेला कोण आधी घेणार यावरून कुरबुरी होत, हे आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांनी पाहिलंय. बायबलमध्ये याकोबानं पत्रात लिहून ठेवलंय की सोन्याची अंगठी घालून आलेल्याला तुम्ही चांगली जागा देता आणि गरिबाला म्हणता, तू तिथे उभा राहा. ते पत्र आपल्यालाच लिहिलेलं आहे.

आणि सरकारदरबारी उलटा खेळ. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना राहिला, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ मध्ये हा भेद काढा असं सांगितलं, ते तसंच पडून आहे. २०२२ मध्ये याच प्रश्नावर बालकृष्णन आयोग नेमला. म्हणजे गाव आम्हाला जुन्या जातीनं ओळखतं, सरकार म्हणतं तुम्हाला आता ती जात नाही, आणि चर्च म्हणतं इथे जात नसतेच. तिन्हीकडून माणूस कोरडाच.

माझ्या भावाला लोकांनी सल्ला दिला होता, कागदावर धर्म बदलू नकोस, मनात काय ते ठेव. सवलत शाबूत राहील. तो नाही म्हणाला. त्याची नोकरीची संधी गेली. तुमच्या लेकीला सांगा, उघडपणे उभं राहून नाव सांगण्याची काही घरांनी अशी किंमत मोजली आहे.

---

विनय_मिरज

मी ख्रिस्ती नाही, पण वहिनींनी सगळ्यांना बोलावलंय म्हणून लिहितो. माझी आई मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलच्या परंपरेत तयार झालेली नर्स. डॉ. वानलेस यांनी ते १८९४ मध्ये सुरू केलं. ती सांगायची की रात्रपाळी सुरू होण्याआधी वॉर्डात छोटी प्रार्थना असायची. कुणावर सक्ती नाही, ज्याला उभं राहायचं तो उभा राही. आई आयुष्यभर अंबाबाईची भक्त राहिली, पण पेशंटची पाठ पुसताना त्याच्याशी नावानं बोलायचं, हे तिथून घेऊन आली.

एक शंका. नाताळच्या फराळात करंज्या, शंकरपाळ्या, अनारसे आमच्या दिवाळीसारखेच कसे?

---

नगरी_नातू

विनयराव, कारण आज्या सारख्याच! धर्म बदलला, झारा तोच राहिला. आणि फराळ आळीभर वाटायचा, हाही नेम तोच.

---

नवजीवन_संगती

प्रभूच्या नावानं सर्वांना सलाम. स्पष्ट लिहितो, राग मानू नये. इथे फराळ, लिलाव, लुगडी, इतिहास सगळं चाललंय, पण नवा जन्म कुणी काढला नाही. नावाचा ख्रिस्ती आणि विश्वासानं ख्रिस्ती यांत फरक आहे. चर्चच्या वहीत नाव असून तारण होत नाही. मीही तशाच जुन्या मंडळीत वाढलो. रविवारी चर्च आणि शनिवारी दारू. मग एका घरसभेत माझं आयुष्य बदललं, दारू सुटली, बायको-मुलांची माफी मागितली. आता आम्ही कुणाच्या तरी हॉलमध्ये जमतो, कुठलाही पंथ नाही. ताईंनी मुलीला हे विचारावं, तुझा येशूशी स्वतःचा संबंध आहे का? बाकी गाव का पुणे, सगळं सारखंच.

---

बावखल_वसई

दादा, तुमची दारू सुटली याचा खरा आनंद आहे. पण लुगडी आणि लिलाव बाजूला काढून उरतो तोच विश्वास, हे मला पटत नाही. ज्या म्हातारीनं मला हाताला धरून रोझरी शिकवली तिला नवा जन्म या शब्दांत सांगता आलं नसतं. तिनं सात पोरं वाढवली, सवतीच्या आजारपणात तिची सेवा केली आणि शेवटच्या आजारात एकदाही देवाला बोल लावला नाही. ती नावाची ख्रिस्ती होती का?

---

नवजीवन_संगती

तिचा न्याय मी करणार नाही, तो अधिकार माझा नाही. पण अशी एक आजी असते आणि तिच्या आड पन्नास जण लपतात. मी त्या पन्नासांतला होतो, म्हणून कळकळीनं बोलतो.

---

संपादक_मंडळ

चर्चा चांगली चालली आहे. कोण खरा ख्रिस्ती यावर एकमेकांची नावं घेऊन लिहू नये, एवढी विनंती.

---

केडगाव_लाइन

नवजीवन आणि वसईकर दोघांच्या मध्ये पंडिता रमाबाईंना बसवते.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे झाला. ज्यांच्याकडे त्या राहत होत्या त्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा पत्रव्यवहार वाचावा. सिस्टरांचं म्हणणं, चर्चची शिकवण आहे तशी मान. रमाबाईंचं म्हणणं, मी ख्रिस्ताला मानते, पण माझी सदसद्विवेकबुद्धी कुणा धर्माधिकाऱ्याकडे गहाण टाकणार नाही. म्हणजे नवजीवन यांना आवडेल अशी बाई, पंथाच्या चौकटीत न मावणारी. पण पुढे काय केलं? पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातून शेकडो मुली आणून तिथे वसवल्या. त्यांच्यासाठी विहिरी, शेती, छापखाना, शाळा. शास्त्राचं मराठी भाषांतर स्वतः केलं आणि ते मुक्तीच्या छापखान्यात त्याच बायका-मुलींच्या हातून छापून निघालं. एकटीनं विश्वास ठेवणारी बाई शेवटी हजारोंचं घर सांभाळत होती.

नारायण वामन टिळकांचंही तसंच. १८९५ मध्ये बाप्तिस्मा. लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या, मग आल्या, पुढे स्वतःच्या मनानं ख्रिस्ती झाल्या. टिळकांनी भजनं मराठी वळणाची केली, आपण आजही 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातून ती गातो. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोघेही येशूचे शिष्य म्हणून बसणार होते. तेव्हा अनेक ख्रिस्ती लोक नाराज झाले. दोन वर्षांत टिळक गेले. मला राहून राहून वाटतं, तो दरबार आणखी वीस वर्षं चालला असता तर आज हा धागा वेगळा झाला असता.

या दोघांनी प्रस्थापित चर्चशी वाद घातला, पण एकटं राहणं पत्करलं नाही. वाद घालून झाल्यावर दोघांनीही आपापली माणसं जमवलीच.

---

गावठाणातला

मुंबई ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळ मराठी कॅथलिक. आमच्या गावठाणात गल्लीच्या तोंडाशी क्रूस आहे. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा असे पुष्कळ क्रूस उभे राहिले. माणसं घर सोडून जायला बघत होती, जी राहिली ती क्रूसापुढे जमून प्रार्थना करायची. अजून मे महिन्यात तिथे प्रार्थना होते, उकडलेले चणे वाटतात. कोविडमध्ये चर्चं बंद होती तेव्हा आम्ही आपापल्या खिडकीत उभे राहून त्याच क्रूसाकडे तोंड करून रोझरी म्हटली. खालच्या मजल्यावरचं गुजराती कुटुंबही खिडकीत येऊन उभं राहायचं.

---

वाळवंटातला_मराठी

दुबईहून. पूर्वी इथे सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे आमचा "रविवार" वर्षानुवर्षं शुक्रवारी असायचा. २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवार झाली. चर्चच्या एकाच आवारात मल्याळी, तमिळ, फिलिपिनो, अरब, सगळ्यांच्या उपासना एकामागून एक. आम्ही मराठी मूठभर. नगरचे, कोल्हापूरचे, मुंबईचे. गावी असतो तर एकमेकांचे पंथ काढून भांडलो असतो. इथे बाप्टिस्ट पेटी वाजवतो, मेथडिस्ट तबला, आणि सगळे मिळून टिळकांचं भजन. लेबर कॅम्पमधला एक प्लंबर पगार अडकला तेव्हा तीन महिने आमच्यात फिरून जेवला, कुणी हिशेब ठेवला नाही.

वहिनी, लेकीला हेही सांगा की परक्या देशात बायोडेटा कुणी विचारत नाही, "तू आमच्यातलाच ना?" विचारतात. हो म्हणायला आधी कुठेतरी कुणाचं तरी असावं लागतं.

---

एकटा_जीव

बाईंच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. काल चाचांकडे जाऊन बसलो, सरळ विचारलं, तेव्हा का आलात? म्हणाले, "माझा बाप आजारी होता तेव्हा तुझ्या आजोबांनी आपली बैलगाडी जुंपून त्याला तालुक्याला नेलं होतं. आमच्या घरात ते सांगत आलेत." आजोबा त्याच मंडळीचे वडील (एल्डर, म्हणजे मानाचे जबाबदार सभासद) होते, गट पडायच्या कितीतरी आधी. मला हे ठाऊकच नव्हतं.

चर्चला परत जाईन का, ते आज सांगू शकत नाही. पण आठच्या आणि दहाच्या दोन्ही गटांत माझ्या वयाची पोरं आहेत जी खटल्याला कंटाळली आहेत. त्यांतल्या दोघांना फोन केला. भेटायचं ठरलंय, चाचांच्या गॅरेजवर, म्हणजे कुठल्याच गटाच्या जागेत नाही.

---

संडेस्कूलच्या_बाई

देव बरं करो. त्या बैठकीसाठी मी प्रार्थना करते आहे.

---

नवजीवन_संगती

मीही. एकटा_जीव भाऊ, गरज पडली तर समेटाच्या कामात आमच्या संगतीतले एक निवृत्त वकील आहेत, फी घेत नाहीत. निरोप पाठवा.

---

शेवगावची_वहिनी

सगळा धागा लेकीला वाचायला दिला. तिनं वाचला, सासूबाईंना मोठ्यानं वाचूनही दाखवला. अंड्यांच्या लिलावाशी सासूबाई थांबल्या, म्हणाल्या ती म्हातारी तर आपल्या शेजारची सखूबाई वाटते. (नातूसाहेब, ती प्रत्येक गावात असणार बहुधा.)

लेकीचं म्हणणं असं झालं. बाईंनी लिहिलंय की लोकही वचन देतात. गावातले लोक प्रेमळ आहेत, पण ते मला वर्षातून एकदा बघणार, मग ते वचन पाळणार कसं? आणि इथल्या इंग्रजी उपासनेत मला कोणी ओळखतच नाही, म्हणजे तेही नाही पाळणार. मग तिनंच शोधून काढलं की आमच्यापासून रिक्षेच्या अंतरावर सकाळची मराठी उपासना आहे, लहान मंडळी. गेले काही रविवार आम्ही तिथे जातोय. पहिल्याच दिवशी एका आजींनी विचारलं, कुठल्या गावच्या? शेवगाव म्हटल्यावर आजेसासऱ्यांचं नाव त्यांनीच सांगितलं. उपासनेनंतर चहा असतो, कप आपले आपण विसळायचे. लेकीला आता संडेस्कूलच्या लहान मुलांना सांभाळायला बोलावतात.

तर दृढीकरण तिथेच करायचं ठरलं. सासूबाई आधी गप्प होत्या. मग म्हणाल्या, नाव इकडे आणायचं तर रीतसर आणा, चोरून नको, आणि गावच्या पाळकसाहेबांना मी स्वतः जाऊन सांगेन. कापणीच्या सणाला सगळे गावी जाणार. वर्गणी बंद करायची नाही, असंही त्यांनी बजावलंय.

आता व्यवहाराचं विचारते. गावच्या मंडळीतून नाव हलवायला काय काय लागतं?

---

कागदपत्रं

वहिनी, हे माझं खातं! गावच्या पाळकसाहेबांकडून सभासदत्वाच्या बदलीचं पत्र घ्या, सगळ्या कुटुंबाचं एकच चालतं. लेकीच्या बाप्तिस्म्याचा दाखला सोबत ठेवा, जुना फाटका असेल तर नोंदवहीतून नवीन उतारा मागा. नावाचं स्पेलिंग दहावीच्या फॉर्मशी जुळतंय का बघा, पुढे लग्नाच्या वेळी त्यावरून फार धावपळ होते. वर्गणी आजपर्यंतची चुकती असली की पत्र लगेच मिळतं, तुमची आहेच. आणि बिशपसाहेबांची तारीख कळल्याशिवाय ड्रेस शिवायला टाकू नका, ती दोनदा तरी बदलते.

---

भाकरवाडी

तारीख पक्की झाली की इथे टाका वहिनी. चहाचे कप आम्हीच विसळू.